तपासणारा वेगळा, काढणारा वेगळा

घराच्या भिंतींवर येणाऱ्या बुरशीविषयीच्या लेखात ‘बुरशीची तपासणी आणि सफाई एकाच कंपनीला द्या, स्वस्त पडते’ असा सल्ला आहे. माफ करा, पण आम्ही राहतो त्या टेक्सासमध्ये हे कायद्यालाच धरून नाही. इथे तपासणाऱ्याचा परवाना वेगळा, बुरशी काढणाऱ्याचा वेगळा, आणि एकाच कामात दोन्ही भूमिका एकाला घेता येत नाहीत. कारण उघड आहे. जो मोजणार तोच काढणार असेल तर बुरशी कधी कमी निघेल का?

२०१७ च्या हार्वी वादळानंतर ह्यूस्टनमध्ये आमच्या घरात गुडघाभर पाणी होतं. चौथ्या दिवशी एक गृहस्थ दारात हजर. भिंतीला नाक लावून म्हणाले, ‘सगळं फाडावं लागेल.’ परवाना क्रमांक विचारला तर ‘गाडीत आहे’ म्हणून गेले ते गेलेच!

सलग २५ चौरस फुटांपेक्षा कमी बुरशी असेल तर परवान्याची अट नाही, हेही लेखात हवं होतं. न्हाणीघराच्या कोपऱ्यातल्या काळ्या डागासाठी कोणी हजारो डॉलर मोजू नयेत. आणि काम झाल्यावर प्रमाणपत्र मागून घ्या. घर विकताना मागच्या पाच वर्षांतली अशी प्रमाणपत्रं खरेदीदाराला द्यावी लागतात.

फ्लोरिडा, न्यूयॉर्कमध्येही परवाना लागतो. कॅलिफोर्नियात मात्र बुरशीसाठी राज्याचा असा वेगळा परवानाच नाही, त्यामुळे तिकडच्या नातेवाइकांचा सल्ला इकडे चालत नाही. आमच्या सॅन होजेच्या भावोजींना हे अजून पटलेलं नाही.