बाटली नको, पोपट आणा

गोव्याहून येताना बाटल्या आणण्याचा मोह आवरा. सीमेवरच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर डिकी उघडायला लावतात आणि पुढचा अर्धा तास 'साहेब, पाहुण्यांसाठी होती हो' हे पटवण्यात जातो. त्यापेक्षा पोपट आणा. बाटली तोंड मिटून बसते; पोपट तसा माणूसघाणा नाही. "डिकीत काय आहे?" असं साहेबांनी विचारलं, तर उत्तर परस्पर आतूनच मिळेल.

खरेदी व्हॉट्सॲपवर करावी. तिथे कुणी 'विकणे आहे' असं लिहीत नाही, लोक सभ्य आहेत. 'मिठू दत्तक देणे आहे, प्रेमळ घर हवे, आजवरच्या खुराकाचा खर्च द्यावा' अशी भाषा असते. आपणही 'दत्तक' घ्यावा आणि 'खुराक' जीपेवर पाठवावा. विक्री आणि दत्तक यांतला हा बारीक फरक न्यायाधीशांना समजावून सांगण्याची संधी पुढे मिळेलच. "पिल्लू हँडफेड आहे, हाताने भरवून वाढवलेलं, घरचीच पैदास," असं विकणारा सांगेल. मान डोलवावी. बंदिवासात जन्मलेला प्राणीही वन्यजीव कायद्याच्या व्याख्येत 'बंदिस्त प्राणी'च ठरतो, म्हणजे कायदा त्यालाही लागतो, ही माहिती त्याला देऊन उपयोग नाही. पैसे पोचले की त्याचा फोन लागत नाही.

मुख्य भरवसा ठेवायचा तो राज्याच्या सीमेवर. 'पलीकडच्या राज्यातून घेतला, इथला कायदा त्याला कसा लागेल?' हा युक्तिवाद आपल्याकडे पारावर कधीच हरलेला नाही. पारावर कुणी वकील बसत नाही, हेही त्याचं एक कारण. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 हा संसदेचा कायदा. तेरेखोल नदीच्या अलीकडे जो, तोच पलीकडे. देशी पक्ष्यांच्या व्यापारावर 1990-91 सालीच बंदी आली. 2022 च्या दुरुस्तीनंतर आपला लाल चोचीचा हिरवा पोपट अनुसूची 2 मध्ये, म्हणजे कायद्याने संरक्षण दिलेल्या प्राण्यांच्या यादीत, बसला आहे. कैद पूर्वीसारखीच, तीन वर्षांपर्यंत. दंडाची कमाल मर्यादा मात्र पंचवीस हजारांवरून एक लाखावर गेली. एवढ्या वेगाने किनाऱ्यावरच्या जमिनींचेच भाव वाढले असतील. गुंतवणूक म्हणूनच बघा.

पिल्लू हातात आलं की फार निरखू नका, उगाच जेवण जात नाही. पंखांची पिसं कात्रीने अर्ध्यावर उडवलेली असतात, चोचीच्या कडेला पिठाचा लगदा वाळून घट्ट झालेला असतो. माडाच्या नाहीतर आंब्याच्या ढोलीत हात घालून ते काढलेलं असतं. डोळे धड उघडायच्या आत काढलं तर माणसाळतं लवकर, म्हणून घाई. मग भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, त्यात भावंडं एकावर एक, आणि रात्रभर प्रवास. सगळी पोचत नाहीत. विकणारा जुना माणूस असतो. न पोचणाऱ्यांचे पैसे पोचणाऱ्याच्या भावात आधीच धरलेले असतात.

ट्रॅव्हल्सने पाठवायचं असेल तर ड्रायव्हरला 'काजूचं खोकं आहे' म्हणून सांगा. परवानगीचा कागद बघितल्याशिवाय वन्यप्राणी वाहतुकीसाठी घेतला, तर कलम 48अ त्यालाही गोवतं. म्हणजे कोर्टाच्या तारखांना सोबत झाली. स्वतःच्या गाडीतून आणलात तर आणखी छान: गुन्हा शाबीत झाल्यावर गाडीही सरकारजमा होऊ शकते. पुढचे हप्ते मात्र तुम्हीच भरायचे.

कुणी दीडशहाणा म्हणेल, एवढी हौस आहे तर रीतसर पक्षी पाळा. बाजारात ज्यांना सगळे लव्हबर्ड म्हणतात त्या बजरीगरांना नोंदणीही लागत नाही. आफ्रिकन ग्रे, सन कनुर असले परदेशी पाहुणे हवे असतील, तर 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करता येते. पण फॉर्म भरायचा, कागद जोडायचे, वाट पाहायची... ही कामं ज्यांची कुठे ओळख नाही त्यांची. आपला एक मावसभाऊ वनखात्यात आहे ना? तो मालवणात नसून मेळघाटात आहे आणि गेली काही वर्षं तुमचा फोन उचलत नाही, या तपशिलात जाऊ नका.

घरी पोचलात की पिंजरा पडवीत, रस्त्यावरून दिसेल असा टांगा. दारावरून जाणारा प्रत्येक जण "विठू विठू" करून जाईल. थोरले काका "काय होवचा नाय, पोपटच तो!" म्हणून धीर देतील. त्यांच्या आज्यानेही पाळला होता. तेव्हा हा कायदा नव्हता, पण काकांना मधे तोडायचं नसतं.

शेजाऱ्यांशी मात्र संबंध सांभाळून असा. कुंपणाचा वाद असेल तर तो आधी मिटवा, फणसाचे गरे पाठवा. वनखात्याची 'हॅलो फॉरेस्ट' ही 1926 क्रमांकाची हेल्पलाइन त्यांनाही ठाऊक असते. शिवाय पंचनाम्याला पंच लागतात, आणि 'मुद्देमाल : जिवंत पोपट, नग एक' याखाली सही करायला बहुधा त्यांनाच बोलावतील.