कपॅसिटर लावूनही बफर शांत का होत नाही?

नमस्कार. तुमचा आक्षेप असा, की सप्लायच्या पिनांना खेटून ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा, हा माझा सल्ला म्हणजे घोकंपट्टी. तुम्ही तो लावलात, टीएल०७२ ही ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी) चिपही बदललीत, तरी बफरच्या, म्हणजे जेवढा सिग्नल आत तेवढाच बाहेर देणाऱ्या सर्किटच्या, आउटपुटवर ४० मिलिव्होल्टचा ‘नॉइज’ आहेच. तीच चिप दहा पट गेनवर (सिग्नल दहा पट वाढवताना) मात्र गप्प असते.

कपॅसिटरचा सल्ला मी मागे घेणार नाही. पण तुमचं दुखणं तिथे नाही, आणि मुळात तो नॉइजच नाही. टीएल०७२चा स्वतःचा नॉइज साधारण १८ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ. बफरची सगळी ३ मेगाहर्ट्झ बँडविड्थ धरली तरी बेरीज जाते तीस-चाळीस मायक्रोव्होल्टपर्यंत. तुमचा आकडा त्याच्या हजारपट आहे! एवढं मोठं काही दिसलं की सर्किट ऑसिलेट होतंय, म्हणजे स्वतःच लहर निर्माण करतंय, असंच आधी धरावं. स्कोपचा टाइमबेस अर्ध्या मायक्रोसेकंदावर आणा. नॉइज असेल तर गवतासारखा पसरट दिसेल, ट्रिगर काही केल्या ठरणार नाही. ऑसिलेशन असेल तर स्वच्छ लहर स्थिर उभी राहील. प्रोब १०एक्सवरच ठेवा. १एक्सवर तो स्वतःच शंभरेक पिकोफॅरडचा लोड टाकतो.

आता बफरच का? दहा पट गेनमध्ये आउटपुटचा दहावा हिस्सा इनव्हर्टिंग (वजा खुणेच्या) इनपुटला फीडबॅक म्हणून परत येतो, बफरमध्ये सगळाच्या सगळा. म्हणून सुटे भाग सर्वांत कमी असले तरी स्थिरतेची खरी परीक्षा बफरमध्येच होते. त्यात तुम्ही आउटपुटला दोन मीटर शील्डेड केबल जोडली आहे. दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. ऑप-अँपचा आउटपुट रेझिस्टन्स आणि हा कपॅसिटन्स मिळून फीडबॅकला उशीर करतात, फेज मार्जिन (ऑसिलेशनपासून वाचवणारी राखीव जागा) खातात. युनिटी गेनला (एक पट गेनला, म्हणजे बफरमध्ये) स्थिर असल्याची डेटाशीटची ग्वाही खरी आहे, पण ती वाट्टेल तेवढ्या कपॅसिटिव्ह लोडसाठी नाही.

केबल काढून पाहा. लहर गेली, तर आउटपुट आणि केबल यांच्यामध्ये १०० ओहमचा रेझिस्टर टाका. फीडबॅक मात्र थेट आउटपुट पिनवरूनच घ्या, रेझिस्टरच्या पलीकडून नको. तिथे चुकलं तर उपाय वाया जातो. पुढचा इनपुट १० किलोओहमचा असेल तर सिग्नल फक्त १ टक्क्याने घटेल.

केबल काढूनही लहर राहिली, तर चिपमधला मोकळा सोडलेला दुसरा ऑप-अँप बघा. त्याचं आउटपुट त्याच्याच इनव्हर्टिंग इनपुटला आणि दुसरं इनपुट ग्राउंडला जोडा, मग परत मोजा.