वायसर सापडला का?

रात्री साडेनऊला ताईचा मेसेज. ‘जेवलीस का’ नाही, ‘दमलीस का’ नाही. एकच ओळ: ‘निळ्या बाटलीचा वायसर सापडला का गो?’ आणि खाली जोडलेले हात.

वायसर!

सकाळी पावणेआठला तिची दोन पोरं दारातून आत ढकलली गेली, एक सहा वर्षांचा, एक तीनचा. संध्याकाळी साडेसहाला दोन्ही पोरं परत दिली. हातपाय जागच्या जागी, दात सकाळी होते तेवढेच, पोटं भरलेली, अंगावर कोरडे कपडे. जुलैत, गोव्यात, कोरडे कपडे! त्याची पोच नाही. हिशेब मागतात तो रबराच्या एका कड्याचा.

मग वायसरवरच बोलू. पोरांची पाण्याची बाटली म्हणजे बाटली नसते, पंप असतो. स्टीलची बाटली, आट्यांचं झाकण, झाकणावर दाबून मिटणारी चोच, चोचीत खालून खुपसलेली नळी आणि झाकणाच्या आतल्या खाचेत बसणारा तो पांढरा वायसर. पाच भाग. दोन पोरांचे दहा. आमचं बालपण विहिरीच्या कठड्यावरच्या एका तांब्यात निघालं, पण ते असो. वायसर काढल्याशिवाय ही बाटली धुता येत नाही, कारण खाचेत दूध-सरबत मुरतं आणि या हवेत आठवडाभरात काळी रेघ धरते. काढायचा तो चमच्याच्या दांड्यानं. सुरीनं काढला की चिरतो, आणि एकदा चिरला की ती बाटली जन्मभर गळते. परत बसवताना अंगठ्यानं गोल फिरत सगळीकडून दाबायचा. एके ठिकाणी जरी उचललेला राहिला तरी झाकण कितीही आवळा, पाणी तिथूनच येणार. आणि हे सगळं करायचं कधी? तर एक पोर पाठीवर लोंबकळत असताना आणि दुसरं ‘मावशे, हांव तान्हेलां’ म्हणून नळाखाली तोंड घालत असताना.

त्यात ताईसाहेबांचा हुकूम: पाऊस आहे, कोमटच पाणी भर. भरा! गरम पाण्यानं आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला नळीशिवाय वाट नाही, मग पोरानं चोच उघडली की पाण्याची पिचकारी थेट डोळ्यात. मग रडणं. मग ‘मावशीनं पाणी मारलं.’ कोमट पाणी भरलंच तर झाकण एकदा सैल करून हवा सोडायची आणि मग बंद करायचं, ही साधी गोष्ट पाठवणाऱ्याला माहीत नसते, कारण पाठवणारा ती बाटली फक्त पाठवतो.

बरं, दोन्ही बाटल्या एकाच दुकानातल्या, एकाच मापाच्या. निळी आणि हिरवी एवढाच फरक, वायसर दोन्हींचे पांढरे. हिरवीचं झाकण तर दुपारपासून इतकं घट्ट की फडकं गुंडाळून उघडावं लागत होतं, आणि निळी मात्र दर पाच मिनिटांनी सोफ्यावर मुतत होती. असला माल बनवणाऱ्यांना एक दिवस दोन भाचे सांभाळायला दिले पाहिजेत.

‘लक्षच ठेवायचं गो फक्त.’ या ‘फक्त’नं आजवर किती मावश्या आणि आत्या खाल्ल्या असतील! पावसामुळे शाळांना सुट्टी जाहीर झाली की पोरांना सुट्टी, आईबापांना नाही. म्हणजे ती सुट्टी कापली जाते ती मावशीच्या खात्यातून. मावशी घरून काम करते ना! घरून काम म्हणजे यांच्या लेखी घरी बसून, आणि घरी बसून म्हणजे मोकळी. दहाच्या कॉलवर कॅमेरा बंद का, माइक बंद का, आणि माइक चुकून चालू राहिला तेव्हा मागून ‘शी झाली’ कोण ओरडलं, हे साहेबांना समजावून सांगायला ताई येत नाही.

पिशवीत काय असतं पाहा. चड्ड्या दोन, गाड्या पाच. अहो, उलट करा! तीन वर्षांच्या पोराला जुलैच्या दिवसाला किमान पाच चड्ड्या लागतात, कारण वाळत घातलेली चड्डी दोन दिवस दोरीवर नुसती विचार करत असते. पंख्याखाली घाला, इस्त्री फिरवा, इलॅस्टिकचा पट्टा ओलाच राहतो. दर दीड तासानं त्याला न्यायचं असतं, आणि नेताना ‘शू लागली का?’ असं विचारायचं नसतं. विचारलं की ‘ना.’ उत्तर कायम ‘ना’च. विचारायचं नाही, ‘चल, बघू नळाला पाणी आहे का’ म्हणायचं आणि उचलायचं. आणि न्हाणीच्या दाराच्या वर, चौकटीत, एक टॉवेल दुमडून टाकून ठेवायचा म्हणजे दार पूर्ण लागत नाही. नाहीतर आतून कडी. मग बाहेरून तासभर ‘बाळा, ती वर ढकल, नाही, दुसरी वर’. बादली रिकामी, पालथी. टबात वीतभर पाणीसुद्धा ठेवायचं नाही, तीन वर्षांचं पोर डोक्याकडे जड असतं, वाकलं की उलटं जातं आणि आवाजही येत नाही. हे फक्त लक्ष ठेवणं.

जेवण. ‘मोठ्याला मासळीशिवाय भात जात नाही.’ जुलैत! 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस ट्रॉलर बंद असतात हे गोव्यात शेंबड्या पोराला माहीत आहे, आणि नेमकं त्याच शेंबड्या पोराला मासळी हवी. बर्फातला बांगडा आणायचा तर डोळे बघून आणायचा, बुबुळ पांढरं पडलेलं असेल तर तिथंच सोडायचा. शिजला की शेपटीकडून मधला काटा अलगद उचलायचा, पोटाकडचे बारीक काटे वेगळे, कल्ल्यांच्या बाजूचे वेगळे, आणि मग उरलेलं मांस बोटांनी चिवडून बघायचं. डोळ्यांनी नाही, बोटांनी. आणि हुमणात, म्हणजे मासळीच्या आमटीत, कालवायचं ते सगळं तपासून झाल्यावर, कारण तांबड्या हुमणात काटा दिसत नाही. नाहीतर किसमूर करा म्हणे, सोपी. मूठभर सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, डोकी आणि शेपट्या मोडत बसा वीस मिनिटं, मंद आचेवर भाजा, खोबरं, कांदा, चिंच, आणि पोर ताटाकडे बघून म्हणतं, ‘म्हाका नाका.’ शेवटी अकराच्या पेजेतला उरलेला वाडगा गरम करून लोणच्याबरोबर खातो आणि घरी जाऊन सांगतो, मावशीनं पेज दिली.

भावोजींचं वेगळंच. पोरांना सोडायला आले की खिशातून अख्खे काजू वाटतात. तीन वर्षांच्या पोराला, पळत असताना! अख्खा काजू, अख्खा शेंगदाणा, अख्खं द्राक्ष, तिन्ही श्वासनलिका बंद करायच्या मापाचे. काजू कुटून द्या, द्राक्षं उभी चिरून चार फोडी करा, आणि काहीही देताना आधी बसवा. सांगितलं तर हसतात. ‘आमी खावनूच व्हड जाले न्हय?’ हो, झालात. दिसतंय.

औषधाचं तर बोलूच नये, पण बोलते. पिशवीत पॅरासिटामॉलच्या दोन बाटल्या आणि सूचना: ‘अंग गरम लागलं तर थोडं दे.’ थोडं! एका बाटलीवर 5 मिलीत 120 मिलीग्रॅम, दुसरीवर 5 मिलीत 250. म्हणजे दुसरी दुपटीहून कडक, आणि झाकणं दोन्हींची सारखीच. हिशेब वजनावर असतो, किलोला 10 ते 15 मिलीग्रॅम. धाकटा 14 किलोचा, म्हणजे 140 ते 210. पहिल्या बाटलीतून ते साधारण 6 ते साडेआठ मिली होतं, दुसरीतून 3 ते 4. कडक बाटलीतलं औषध पहिल्या बाटलीच्या मापानं दिलं तर पोराच्या पोटात दुप्पट जातं. चमच्यानं नाही, सोबत येणाऱ्या मापानं किंवा सिरिंजनं. दोन डोसांत किमान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेला आकडा आणि पोराचं आजचं वजन एका चिठ्ठीवर लिहून बाटलीला रबरानं बांधायला किती वेळ लागतो? पण नाही. ‘थोडं.’

आणि खेळणी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून जो काका सायरनवाली रुग्णवाहिका आणतो, त्या काकाला तीच गाडी कानाशी लावून एक दुपार बसवायचं आहे. स्पीकरच्या भोकांवर पारदर्शक चिकटपट्टीचे दोन थर लावले की आवाज बराच दबतो, हा शोध ज्या मावशीनं लावला तिचा सत्कार व्हायला हवा. पण असली गाडी हातात आली की आधी उलटी करून बघायची: बॅटरीच्या झाकणाला स्क्रू आहे का? बहुतेक वेळा तो पहिल्याच आठवड्यात गेलेला असतो. आत बटणाएवढ्या चपट्या बॅटऱ्या. असली बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिका दोन तासांतसुद्धा आतून भाजते, पोर बाहेरून ठीक दिसत असलं तरी. उलटी काढायची नाही, वाट बघायची नाही, 108 लावायचा. स्क्रू नसलेली गाडी थेट कपाटावर जाते. मग पोरं तासभर कपाटाकडे बघून रडतात आणि आपण जगातली सगळ्यात दुष्ट बाई ठरतो.

उरलेल्या चार गाड्या, दोन पोरं, सरळ हिशेब ना? नाही. दोघांना तीच एक हवी, चाक मोडलेली. सरबत वाटताना मात्र एक युक्ती चालते: दोन सारखे स्टीलचे पेले, मोठ्यानं ओतायचं, धाकट्यानं आधी उचलायचं. ओतणारा मग थेंबाचा हिशेब ठेवतो. यात एकच खोट आहे. धाकटा उचलतो, एक घोट पितो आणि मग दुसरा पेला मागतो. यावर ‘तूच निवडलास ना, मग आता बोलायचं नाही’ असा कायद्याचा मुद्दा पाचव्या वेळी, आवाज चढवून, कमरेवर हात ठेवून, तीन वर्षांच्या माणसासमोर मांडणारी बाई लांबून कशी दिसत असेल, ते शेजारणीच्या चेहऱ्यावरून कळलं. आणि वाद ती हरली, हेही लिहून ठेवते.

दुपारची झोप. गोव्यात एक ते चार दुकानं झोपतात, कुत्री झोपतात, अख्खा गाव झोपतो. हे दोघे सोडून. पडदे ओढा, पंखा लावा, पंखा लावला की लाइट जाते. लाइट गेली की धाकट्याला अंगणात जायचंय. माशेलला आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकालो, म्हणजे चिखलात लोळून खेळायचा उत्सव, होतो, वर्षातून एकदा, देवाच्या नावानं. यांचा दाराबाहेरच्या पागोळीखाली रोज. पाय धुवा, पुसा, परत थोपटा. साडेतीन वाजता कसाबसा डोळा लागतो. आणि वीस मिनिटांत पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा. पों-पों. दोघे ताडकन उठून दारात. पदेरावर रागावताही येत नाही, कारण चहाला उंडे, म्हणजे गोल पाव, लागतातच. मग दोन कांकणं, म्हणजे बांगडीसारखे कडक पाव, घ्यायची, पोरं ती आधी मनगटात घालून फिरतात, मग चावतात, मग उरलेलं अर्धं गादीत सापडतं. आणि रात्री फोन: ‘दुपारी झोपवलं नाहीस का गो? आता ऐकत नाहीत.’ झोपवलं तर रात्री जागतात म्हणून बोलणी, नाही झोपवलं तर चिडचिडतात म्हणून बोलणी.

ताईच्या सासूबाई तर महान. ‘आमच्या वेळी आठ-आठ पोरं अशीच वाढली.’ अशीच नाही वाढली हो, तुमच्या थोरल्या नणंदेनं वाढवली. ती आत्याच होती कोणाची तरी, तिलाही बहुतेक कुणी वाडग्याच्या झाकणाचा हिशेब विचारला असेल.

तर वायसर. सोफ्याखाली पाहिला, फ्रिजमागे पाहिला, सिंकच्या जाळीत बोटं घालून पाहिला, सायरनवाल्या गाडीच्या चाकावर पाहिला, कारण पोरं चाकांना काहीही चढवतात. कांकणाच्या तुकड्यांत पाहिला. नाही. मग भांडी आवरताना कट्ट्यावर हिरवी बाटली दिसली. पोरं ती इथंच विसरून गेलीत, ताईच्या अजून लक्षात आलेलं नाही. फडकं गुंडाळून झाकण उघडलं, चमच्याचा दांडा खाचेत घातला, आणि एक वायसर निघाला.

त्याच्या खालून दुसरा निघाला.

दुपारी दोन्ही बाटल्या एकदमच धुतल्या होत्या. म्हणून हिरवी आवळून बसली होती आणि निळी गळत होती. बाटल्या धुतल्या कोणी, हा प्रश्न या घरात दोन्ही पोरं गेल्यावर विचारण्यात काही अर्थ नाही.

मेसेजला दोन निळ्या टिकल्या झाल्यात. ‘बघते गो’ एवढं टाइप करून ठेवलंय, पाठवलं नाही. धाकट्याच्या गाडीच्या चाकावर होता म्हणून सांगावं म्हणते.