स्वच्छतेनं की लसीनं? एका प्रतिक्रियेला उत्तर

लसीकरणाच्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांब देते. १९७४ साली गरीब देशांतल्या ५ टक्के बाळांनाही लस मिळत नव्हती आणि आज जगातल्या सुमारे ८५ टक्के बाळांना त्रिगुणी लसीचे (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) तिन्ही डोस मिळतात, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, रोग हटले ते स्वच्छता आणि सकस आहारामुळे. श्रेय लसीनं घेतलं आणि फावलं कंपन्यांचं.

आहाराचं मला मान्यच आहे. युरोपात गोवरानं होणारे मृत्यू लस येण्याआधीच खूप घटले होते. पण गोवर येतच होता.

आता आफ्रिकेकडे बघा. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात कोरड्या हंगामात धुळीचे वारे सुटतात आणि मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या रोगाची, साथ येते. पोर तापानं फणफणतं, मान इतकी ताठते की हनुवटी छातीला टेकत नाही. वाचलं तरी अनेकदा कायमचं बहिरं होतं. १९९६-९७च्या साथीत अडीच लाखांवर लोक आजारी पडले, सुमारे २५ हजार दगावले.

२०१० साली तिथे ‘ए’ प्रकारच्या जंतूवरची मेनआफ्रिव्हॅक लस आली. चाडमध्ये ती आधी काही भागांतच दिली गेली. २०१२च्या साथीत लस दिलेल्या भागांत मेनिंजायटिसचं प्रमाण लाखामागे २.४८ होतं, लस न पोचलेल्या भागांत ४३.८. देश एकच, हंगामही तोच. पुढे या पट्ट्यातून ‘ए’ प्रकार जवळजवळ नाहीसा झाला, पण त्याच जंतूच्या ‘सी’ प्रकारानं २०१५ साली नायजरमध्ये मोठी साथ आणली, कारण ही लस ‘सी’वर चालतच नाही. स्वच्छतेनं रोग गेला असता, तर तिनं ‘ए’ला हाकलून ‘सी’ला कसं ठेवलं असतं?

राहिला कंपन्यांचा मुद्दा. डोस अर्ध्या डॉलरच्या आत हवा, ही आफ्रिकी देशांची अट होती. त्या किमतीत लस बनवायला बड्या परदेशी कंपन्या पुढे आल्या नाहीत. ती बनली आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. सीरमही खासगी कंपनीच आहे. नफ्यावर जरूर बोट ठेवा, हिशेब मागा, मीही मागते. पण त्यावरून लस निरुपयोगी ठरत नाही.

२०२४ साली जगातल्या १ कोटी ४३ लाख बाळांना एकही लस मिळाली नाही. त्यातली कितीतरी युद्धग्रस्त भागांतली आहेत, जिथे स्वच्छ पाणीही नाही. त्यांना दोन्ही मिळायला हवं, पण नळ येईपर्यंत लसीनं थांबावं हे मला अजिबात पटत नाही.