कॅटलिन क्लार्क आकाशातून पडली नाही

बास्केटबॉलपटू कॅटलिन क्लार्कने अमेरिकेतल्या आयोवा राज्याला महिला बास्केटबॉलचं वेड लावलं, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. पोरगी जबरदस्तच आहे, आयोवा विद्यापीठातल्या चार वर्षांत ३,९५१ गुण म्हणजे खेळ नाही. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये आयोवा सिटीच्या किनिक स्टेडियमवर, म्हणजे चक्क अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर, तिचा सामना बघायला ५५,६४६ माणसं आली, ती काय एका रात्रीत उगवली?

या राज्यात शाळकरी मुलींची राज्य स्पर्धा १९२० पासून भरते. पूर्वी संघ सहा जणींचा असायचा. तिघींनी फक्त बास्केट करायचे, तिघींनी फक्त अडवायचं, मधली रेघ ओलांडायची नाही, ड्रिबल दोनच. नियम ऐकून हसू येतं, पण गावंच्या गावं बघायला लोटायची. १९६८ मध्ये डेनिस लाँग या शाळकरी पोरीने एकाच सामन्यात १११ गुण ठोकले. आणि शाळा संपल्यावर? बहुतेक कॉलेजांकडे मुलींसाठी खेळाची शिष्यवृत्तीच नव्हती! माझा राग इथे आहे. खेळाडू होत्या, प्रेक्षक होते, कॉलेजं तेवढी झोपलेली.

१९७२ मध्ये शिक्षणात स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी घालणारा टायटल नाइन कायदा आला, मग कॉलेजं हळूहळू जागी झाली. १९८५ मध्ये प्रशिक्षक व्हिव्हियन स्ट्रिंगर यांच्या आयोवा विद्यापीठ संघाचा ओहायो स्टेट विद्यापीठाशी सामना बघायला २२,१५७ लोक आले. क्लार्कचा जन्म २००२ चा. तिला घडवणाऱ्या प्रशिक्षक लिसा ब्लूडर आणि जॅन जेन्सन, दोघी याच राज्यात सहा जणींचा खेळ खेळून मोठ्या झालेल्या.

आणि तरीही २०२० मध्ये, कोविडमुळे पैसा आटला म्हणून, आयोवा विद्यापीठाने चार संघ बंद करायचं जाहीर केलं. त्यात मुलींचं पोहणंही. फुटबॉलला अर्थातच हात नाही. मुली कोर्टात गेल्या, तेव्हा कुठे तो संघ वाचला. त्याच खटल्याच्या काळात महिला कुस्तीची घोषणा झाली. प्रशिक्षक डॅन गेबलच्या हाताखाली पुरुषांच्या कुस्तीची १५ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेलं हे विद्यापीठ, आणि मुलींना आखाडा २०२१ मध्ये सुचला! पहिल्याच मोसमात, २०२४ मध्ये, त्या राष्ट्रीय विजेत्या.

आता २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजने जास्तीत जास्त २.०५ कोटी डॉलर. त्यातला मोठा घास फुटबॉलचा, हे सांगायला ज्योतिषी नको. पोहणाऱ्या मुलींनी वकिलाचा नंबर जपून ठेवलेला बरा.