जाहिरात वाचून आलेले चौघे

नमस्कार.

मंकीज या साठच्या दशकातल्या, टीव्ही मालिकेसाठी बनवलेल्या अमेरिकन बँडच्या 'हेडक्वार्टर्स' या अल्बमवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, "जाहिरात देऊन गोळा केलेली चार पोरं, गाणी दुसऱ्यांची, वाद्यं तिसऱ्यांनी वाजवलेली. यांना संगीतकार म्हणायचं तर दुकानाच्या काचेतल्या पुतळ्यालाही शिंपी म्हणावं लागेल." पुढे तुम्ही सांगता की तुम्ही स्वतः पंधरा वर्षं एका बँडमध्ये गिटार वाजवताय, स्वतःची गाणी रात्र रात्र बसून बसवताय, आणि अशा लोकांबद्दल 'आदर' हा शब्द वाचून तुम्हाला चीड आली. खरा बँड कसा असतो याचं उदाहरण म्हणून तुम्ही बर्ड्स या त्याच काळातल्या अमेरिकन बँडचं नाव घेतलंत. आणि जाता जाता विचारलंत की 'हेडक्वार्टर्स'वरचा बास (बास गिटार) बऱ्याच ठिकाणी बँडच्या निर्मात्याने वाजवलाय, ते लेखात का नाही?

बासचं शेवटी सांगते. आधी बर्ड्स.

'मिस्टर टॅम्बरीन मॅन' हे त्यांचं पहिलं मोठं गाणं, 1965 सालचं. गाणं बॉब डिलनचं. त्या रेकॉर्डिंगमध्ये बँडपैकी वाद्य वाजवलं ते फक्त रॉजर मॅग्विनने, ती बारा तारांची गिटार. ड्रम्सवर हॅल ब्लेन होता, बासवर लॅरी नेक्टेल, इलेक्ट्रिक पियानोवर लिऑन रसेल. हे सगळे लॉस एंजेलिसचे सेशन वादक, म्हणजे पैसे घेऊन कोणाच्याही रेकॉर्डिंगला वाजवणारे. कंपनीला नवख्या पोरांच्या हातावर भरवसा नव्हता म्हणून त्यांना बोलावलं होतं. पुढचा बहुतेक अल्बम बर्ड्सनी स्वतः वाजवला हे खरं, पण ज्या गाण्याने ते जगाला माहीत झाले ते गाणं तुमच्या कसोटीला उतरत नाही. त्याच शहरातल्या त्याच वर्तुळातले वादक दीडेक वर्षात मंकीजच्या रेकॉर्डवर वाजवत होते. 1966 मध्ये आलेल्या बीच बॉइजच्या 'पेट साउंड्स'वरही मुख्यतः तेच.

बर्ड्सना खाली खेचायला मी हे सांगत नाहीये. त्या गाण्यातले ते एकमेकांत विरघळलेले तीन आवाज त्यांचेच आहेत, ती गिटार मॅग्विनचीच आहे, आणि मला ते गाणं आजही तितकंच आवडतं. मला विचारायचंय ते एवढंच, की बर्ड्सच्या बाबतीत आपण 'आवाज त्यांचे आहेत' एवढ्यावर समाधान मानतो, मग मंकीजच्या बाबतीत का नाही? माझा अंदाज सांगते. बर्ड्स एकमेकांना आपसूक भेटले, मंकीज वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतून भेटले. आपण संगीताचा हिशेब करतोय असं वाटतं, पण प्रत्यक्षात ओळख कशी झाली याचा हिशेब करत असतो. त्या हिशेबाने सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक बँडचीही पंचाईत होईल. त्यांचा मॅनेजर मॅल्कम मॅक्लॅरनच्या लंडनमधल्या कपड्यांच्या दुकानाभोवती ते जमले, आणि 1975 मध्ये जॉन लायडनची निवड झाली ती दुकानातल्या ज्यूकबॉक्सवर अॅलिस कूपरचं गाणं लावून त्यावर हातवारे करायला लावून. त्यांना कोणी पुतळे म्हणत नाही.

आता मंकीज. तुमचे आरोप पहिल्या दोन अल्बमना लागू पडतात आणि मी ते नाकारत नाही. सप्टेंबर 1965 मध्ये एका टीव्ही मालिकेसाठी जाहिरात आली, चारशेहून जास्त मुलं ऑडिशनला आली, चौघं निवडली गेली. मिकी डोलेन्झ लहानपणापासून अभिनय करत होता आणि गिटार वाजवायचा, त्याला सांगितलं की तू ड्रमर. डेव्ही जोन्स रंगभूमीवरून आला होता. पीटर टॉर्क आणि माइक नेस्मिथ मात्र आधीपासून वादक होते, छोट्या क्लबमधून वाजवून आलेले. संगीताची सूत्रं डॉन कर्शनरकडे होती आणि त्याला या चौघांचे फक्त गळे हवे होते. दुसरा अल्बम जानेवारी 1967 मध्ये बाजारात आला तेव्हा खुद्द बँडला त्याचा पत्ता नव्हता.

त्यानंतर जे झालं त्यासाठीच मी तो लेख लिहिला. त्या वेळी त्यांचा कार्यक्रम लाखो लोक बघत होते, रेकॉर्ड धो धो विकल्या जात होत्या. गप्प बसले असते तर पैसा येतच होता. तरी ते भांडले. नेस्मिथने हॉटेलच्या खोलीत भिंतीवर गुद्दा मारून भोक पाडलं, इतकं ते भांडण टोकाला गेलं. आणि मागणी काय होती? आमच्या रेकॉर्डवर आम्हाला वाजवू द्या. महिन्याभरात कर्शनर बाहेर गेला आणि चौघं स्टुडिओत जाऊन बसले. मे 1967 मध्ये 'हेडक्वार्टर्स' आला, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला, आणि पुढच्याच आठवड्यात बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'ने त्याला खाली ढकललं. मग तो कित्येक आठवडे दुसऱ्या जागेवर तळ ठोकून राहिला.

तो अल्बम निर्दोष नाही. डोलेन्झचे ड्रम्स जागोजागी अडखळतात. सेशन वादकांच्या सफाईनंतर ते ऐकताना आधी कानाला टोचतंच. पण शेवटचं गाणं ऐका, डोलेन्झने स्वतः लिहिलेलं. वर्षभरापूर्वी काठ्या हातात धरायला शिकलेला माणूस तिथे टिंपनी (मोठे नगारे) बडवतोय, शांतपणे चाललेलं गाणं मध्येच फाडून ओरडतोय, आणि पुन्हा त्याच शांत चालीवर येतोय. हे कोणी त्याला करायला सांगितलं नव्हतं. कर्शनरने पुढे काय केलं तेही बघण्यासारखं आहे. 1969 चं 'शुगर, शुगर' ज्या आर्चीजच्या नावावर आहे तो बँड कार्टूनमधला आहे. चित्रं भांडत नाहीत. पुतळाच हवा असेल तर तो कसा असतो हे त्याला नीट कळलं होतं, आणि मंकीज तसे नव्हते हेही.

गाणी दुसऱ्यांनी लिहिली, हा तुमचा दुसरा मुद्दा. इथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. एल्विस प्रेस्ली गाणी लिहीत नव्हता. ऑपेरा गायिका मारिया कॅलासने दुसऱ्यांनी रचलेलं संगीतच आयुष्यभर गायलं, आणि तिला संगीतकार न म्हणण्याचं धाडस कोणी करणार नाही. गाणं स्वतः लिहिलं तरच ते खरं, ही अट साठच्या दशकात, मुख्यतः डिलन आणि बीटल्सनंतर, रॉकच्या दुनियेत पक्की झाली. त्याआधी गाणारा एक आणि लिहिणारा दुसरा ही रीतच होती.

मी स्वतः काही वर्षं समूहगायनात दुसरा आवाज गायले आहे. मुख्य चाल शेजारी मोठ्याने चालू असते, कान तिकडे ओढला जातो, आणि आपल्याला तीन सुरांच्या अंतरावर आपली रेघ धरून ठेवायची असते. मला उभं राहून, वहीत बघूनही ते जड जायचं. बॅकस्ट्रीट बॉइज या नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन पॉप गटाचे पाच जण तशा हार्मनी वाद्यांशिवाय गातात ती ध्वनिचित्रफीत पहिल्यांदा बघितली तेव्हा मी माझं जुनं मत तिथल्या तिथे बदललं. (होय, माझंही मत एकेकाळी तुमच्यासारखंच होतं.) त्यांचं 1999 चं 'आय वाँट इट दॅट वे' मॅक्स मार्टिन आणि आंद्रेआस कार्लसन यांनी लिहिलं. शब्दांचा अर्थ नीट लागत नाही म्हणून शब्द बदलून ते पुन्हा रेकॉर्डही झालं होतं. दोन्ही ऐकून बँडने पहिलेच शब्द ठेवले, कारण ते गळ्यात चांगले बसत होते. ही संगीताची समज आहे, आणि ती त्यांनी दाखवली.

तुमचा पुतळा जिथे खरंच उभा आहे ती जागा मिली व्हॅनिली ही जोडी. निर्माता फ्रँक फारियानने रेकॉर्डवर गाणारे वेगळे घेतले आणि लोकांसमोर ओठ हलवायला रॉब पिलाटस आणि फॅब मॉर्व्हनला उभं केलं. नोव्हेंबर 1990 मध्ये ते उघड झालं आणि त्यांचं ग्रॅमी काढून घेतलं गेलं. पण तिथेही नेमकं चुकलं काय? एकाचा आवाज आणि दुसऱ्याचा चेहरा, हे तर पार्श्वगायनात राजरोस चालतं आणि आपण त्या आवाजांवर जीव ओवाळून टाकतो. फरक नावाचा आहे. पार्श्वगायकाचं नाव रेकॉर्डवर छापलेलं असतं. इथे खरे गाणारे चार्ल्स शॉ, जॉन डेव्हिस आणि ब्रॅड हॉवेल यांचं नाव झाकून त्या जागी दुसरी दोन नावं छापली. गुन्हा तो होता. छापणारे त्या दोन पोरांहून मोठे होते, बदनामी मात्र मुख्यतः त्या पोरांच्याच वाट्याला आली.

म्हणूनच मला वाटतं, तुमचा राग खरा आहे पण त्याचा पत्ता चुकलाय. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीकडे बघा. तिचा संस्थापक बेरी गॉर्डी डेट्रॉइटमध्ये मोटारींच्या कारखान्यात कामाला होता आणि त्याने रेकॉर्ड कंपनीही त्याच शिस्तीत चालवली. गाणी लिहायला एक चमू, वाजवायला ठरलेले वादक, पावलं बसवायला चॉली अॅटकिन्स, चालायचं-बोलायचं कसं ते शिकवायला मॅक्सिन पॉवेल, आणि कुठलं गाणं बाहेर जाईल हे ठरवायला साप्ताहिक बैठक. यापेक्षा जास्त 'बनवलेलं' पॉप संगीत सांगता येणार नाही, आणि विसाव्या शतकातली काही सर्वांत सुंदर गाणी त्यातून आली. मोटाउनच्याच सुप्रीम्स या गायिकांच्या गटाला 1964 मध्ये यश मिळण्याआधी त्यांची रेकॉर्डमागून रेकॉर्ड पडली होती, कंपनीतच त्यांची चेष्टा व्हायची. त्यांनी घाम गाळला नाही असं कोण म्हणेल? पण त्याच कारखान्यात जेम्स जेमर्सनसारखा बासवादक वर्षानुवर्षं बिननावाचा वाजवत राहिला. मोटाउनच्या अल्बमवर वादकांची नावं छापली गेली ती 1971 मध्ये, मार्व्हिन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. ही चीड यावी अशी गोष्ट आहे. त्याचा जाब सुप्रीम्सच्या डायना रॉसला कसा विचारणार?

आणि बनवलेल्या बँडमधली मुलं बहुतेक वेळा या यंत्राचा पहिला घास असतात. बॅकस्ट्रीट बॉइज जमवणारा लू पर्लमन करारात बँडचा सहावा सदस्य म्हणून वाटा घेत होता. त्यांना कोर्टात जावं लागलं. कोरियात टीव्हीएक्सक्यू या पॉप गटातल्या तिघांनी 2009 मध्ये तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध दावा लावला, आणि त्याच सुमारास तिथल्या व्यापार आयोगाने सात वर्षांची मर्यादा घातलेला नमुना करार काढला. स्पाइस गर्ल्स हा ब्रिटिश मुलींचा गट. त्या 1994 च्या जाहिरातीतून जमल्या, पण ज्यांनी जमवलं त्यांना वर्षभरात सोडून त्यांनी स्वतः नवा मॅनेजर शोधला, आणि 'वॉनाबी' हेच पहिलं गाणं हवं म्हणून रेकॉर्ड कंपनीशी अडून बसल्या.

सरसकट प्रत्येक बँडला मी हात जोडत नाही. काही गट असे आहेत की स्टेजवर अर्ध्याहून जास्त आवाज आधीच रेकॉर्ड केलेला असतो आणि उरलेला यंत्राने सुरात आणलेला. तिथे मला ऐकण्यासारखं काही सापडत नाही आणि मी त्यांच्याबद्दल लिहीतही नाही. पण हे मी गाणं ऐकून ठरवते, ते कुठून आले हे बघून नाही.

तुमच्या बँडचं काही रेकॉर्ड केलेलं असेल तर जरूर पाठवा, मनापासून ऐकेन. पंधरा वर्षं एकत्र टिकणं किती अवघड आहे याची मला कल्पना आहे, आणि या लेखातलं काहीही त्या कष्टांना कमी लेखण्यासाठी नाही.

बासचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. 'हेडक्वार्टर्स'च्या बऱ्याच गाण्यांत बास निर्माता चिप डग्लसने वाजवलाय. चौघांनी सगळं स्वतः वाजवलं असं माझ्या लेखावरून वाटत होतं, आणि नावं झाकली जाऊ नयेत म्हणणाऱ्या माणसाकडून ही चूक व्हायला नको होती. आज सकाळी लेखात दुरुस्ती केली आहे, त्याचं नाव घालून.