सीएनजी बसला ‘चालता बॉम्ब’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

परवा संध्याकाळी धायरीहून आत्याचा फोन आला. आवाज थरथरत होता. मंडईकडे जाताना बसमध्ये तिला जळका वास आला आणि ती सीटवरून उठून थेट दारात जाऊन उभी राहिली. चालत्या बसमधून उडी मारायला. कंडक्टरने दंड धरून मागे ओढलं म्हणून निभावलं. आत्या 67 वर्षांची आहे, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. वास ब्रेक लायनरचा होता. गर्दीत सारखा ब्रेक मारावा लागला की कुठल्याही जड गाडीला तो येतो.

“उडी कशाला मारत होतीस?” म्हणून विचारलं, तर म्हणाली, “अरे, भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलंय ना तसं.”

तो मेसेज मी मागवून घेतला. आतापर्यंत तो तीन वेगवेगळ्या ग्रुपवर मला दिसलाय. थोडक्यात असं म्हणतो: सीएनजी बस म्हणजे चालता बॉम्ब, ऊन 40 अंशांच्या वर गेलं की सिलेंडर फुटतो, म्हणून दुपारी 12 ते 4 बसमध्ये बसू नका, मागच्या सीटवर तर कधीच नको. वास आला तर स्फोटाला दहाच मिनिटं उरतात, काच फोडून उडी मारा. सायलेन्सरमधून निघणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेला विषारी गॅस. हॉलंडमध्ये अशी बस बॉम्बसारखी फुटली, मुंबईत 400 बस बंद कराव्या लागल्या. आणि शेवटी: गॅस स्वच्छ इंधन असल्यामुळे या गाड्यांना देखभाल लागतच नाही, प्लग, ऑइल, सिलेंडर टेस्टिंगची बिलं खोटी आहेत, ती बंद करा.

मी 19 वर्षं शहर बसच्या वर्कशॉपमध्ये सीएनजी गाड्यांखाली काम केलंय. एकाच मेसेजात गाडी बॉम्बही आहे आणि तिला देखभालही नको, हे वाचून माझं डोकं फिरलं.

आधी वासाचं, कारण त्यानेच आत्या दारापर्यंत गेली. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. त्यात उग्र वासाचं मरकॅप्टन मुद्दाम मिसळतात, ते गळती लवकर कळावी म्हणूनच. हा गॅस पेटायला हवेत त्याचं प्रमाण साधारण 5 ते 15 टक्के असावं लागतं. वास मात्र त्याच्या कितीतरी आधी, पाच टक्क्यांच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच, नाकाला कळतो. म्हणजे वास आला तेव्हा तुमच्या हातात वेळ असतो. कंडक्टरला सांगा. ड्रायव्हर गाडी बाजूला घेईल, इंजिन बंद करेल, दारं उघडेल. शांतपणे उतरा, लांब जा, काडी ओढू नका. एवढंच करायचं असतं. दहा मिनिटांचा आकडा कुठून आणला, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं. चालत्या बसमधून उडी मारली तर म्हाताऱ्या माणसाचं काय होतं, हे सांगायला इंजिनियर लागत नाही.

आणि हा एलपीजी नव्हे, हेही डोक्यात ठेवा. घरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. सीएनजी मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा बराच हलका, वजन हवेच्या निम्म्याहून जरासंच जास्त. तो वर जातो, उघड्यावर पांगतो. म्हणून सीएनजी गाड्यांच्या वर्कशॉपला छताजवळ झरोके लागतात. तो साचलाच तर वर साचतो. आपोआप पेट घ्यायला त्याला सुमारे 540 अंश तापमान लागतं, डिझेलला त्याच्या निम्म्याहूनही कमी.

उन्हाचा मुद्दा थोडक्यात संपवतो. सिलेंडरमध्ये गॅस 200 बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे दोनशेपट दाबाने भरतात. तापमान वीस अंशांनी वाढलं तर दाब दहा-बारा टक्क्यांनी वाढतो, आणि हे धरूनच सिलेंडर बनवलेला असतो. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे दर तीन वर्षांनी तो गाडीवरून काढून हायड्रो टेस्टला पाठवतात. आत पाणी भरून नेहमीच्या दाबाच्या दीडपटीहून जास्त दाब देतात आणि तो किती फुगतो, दाब काढल्यावर किती पूर्ववत होतो, हे मोजतात. नापास झाला की भंगार. हे नियम राबवणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचं, म्हणजे पेसोचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे, आणि नागपुरापेक्षा कडक ऊन कुठलं आणायचं? मागच्या सीटचं म्हणाल, तर कितीतरी गाड्यांत सिलेंडर मधे, मजल्याखाली असतात, लो-फ्लोअरमध्ये छपरावर.

पांढरा धूर म्हणजे वाफ. एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी तयार होतं, थंडीत सकाळी ते दिसतं. धूर निळसर दिसला तर इंजिन ऑइल खातंय, तेव्हा जरूर तक्रार करा.

आता हॉलंड. ही घटना खरी आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. 29 ऑक्टोबर 2012, हेगजवळचं वासेनार. सीएनजी बसला आग लागली, छपरावरून आडव्या ज्वाळा निघाल्या, पंधरा-वीस मीटर लांब. नेदरलँड्सच्या सुरक्षा मंडळाने त्याची रीतसर चौकशी केली, अहवाल जाहीर केला. त्यात काय निघालं? आग इंजिनाच्या कप्प्यात सुरू झाली आणि तिथून छपरापर्यंत पसरली. सिलेंडर फुटले नाहीत. उष्णतेने त्यांचे सेफ्टी व्हॉल्व्ह उघडले आणि गॅस बाहेर पडून पेटला. प्रवासी तोवर उतरले होते, कुणी जखमी झालं नाही. मंडळाने बोट ठेवलं ते गॅस आडवा बाहेर पडतो यावर; शेजारी घरं, माणसं असली तर ती ज्वाळा घातक ठरू शकते. तो आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहे. पण व्हॉल्व्ह उघडला म्हणूनच सिलेंडर फुटला नाही. सिलेंडरच्या तोंडाशी असलेला हा भाग साधारण 110 अंशांच्या आसपास वितळून वाट मोकळी करतो. आणि आगीचं मूळ होतं इंजिनाच्या कप्प्यात, जिथे रोज मेकॅनिकचा हात फिरायला हवा.

मुंबईचंही नाकारत नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये, महिनाभरात तीन बस पेटल्यावर बेस्टने भाडेतत्त्वावरच्या 400 सीएनजी बस रस्त्यावरून काढल्या. खरं आहे, आणि गंभीर आहे. सीएनजी बस पेटतात. पुण्यातही पेटल्यात. पण मला आजवर जळालेल्या ज्या गाड्या तपासायला मिळाल्या, त्यांत सुरुवात झाली होती ती सोललेल्या वायरिंगपासून, गळणाऱ्या ऑइलपासून, नाहीतर जाम झालेल्या ब्रेकपासून. गॅस नंतर सामील झाला.

म्हणूनच मेसेजचं शेवटचं वाक्य मला सगळ्यांत जास्त खुपतं. देखभाल लागत नाही म्हणे!

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो, सीएनजीला असतो. प्लग ठरलेल्या किलोमीटरला बदलला नाही की त्याचा गॅप वाढतो, ठिणगी कमजोर पडते, मिसफायर सुरू होतो. न जळलेला गॅस सायलेन्सरकडे जातो आणि तिथल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धुरातले विषारी वायू निवळणाऱ्या डब्यात जळतो. मी कन्व्हर्टर लालभडक झालेला पाहिलाय, रात्री पिटमध्ये, म्हणजे गाडीखालच्या खड्ड्यात उतरल्यावर तो खालून निखाऱ्यासारखा दिसतो. त्याच्या वितीवर वायरिंगचा जुडगा असतो, वर मजला, मजल्यावर माणसं. चार पैशांचा प्लग वाचवला की असं होतं. ‘प्लगची बिलं बंद करा’ लिहिणाऱ्याला हे कुणी दाखवलं असतं तर त्याने ते लिहिलं नसतं.

ऑइलही वेगळं लागतं, कमी राखेचं. डिझेलचं ऑइल ओतलं की इंजिनाच्या व्हॉल्व्हवर राख बसते. गॅस कोरडा असल्यामुळे व्हॉल्व्ह सीट लवकर झिजते, म्हणून टॅपेट, म्हणजे ते व्हॉल्व्ह हलवणारे भाग, वेळच्या वेळी बघावे लागतात. 200 बारचा दाब रेग्युलेटरमध्ये एकदम खाली येतो तेव्हा गॅस इतका थंड होतो की रेग्युलेटर गोठतो. तो गरम ठेवायला इंजिनाचं कूलंट त्याच्याभोवती फिरवतात. कूलंट कमी झालं की गाडी चढावर दम टाकते आणि प्रवासी ड्रायव्हरला शिव्या घालतात. पंपावरच्या कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबर येतं, त्याचा फिल्टर रिकामा करावा लागतो. सिलेंडर धरून ठेवणाऱ्या पट्ट्याखालचं रबर फाटलं की पट्टा सिलेंडरला घासतो, खडी-चिखल अडकून तिथेच गंज धरतो. वरून रंग लावला की काही दिसत नाही. पट्टा सोडून हात फिरवावा लागतो. पाइपच्या प्रत्येक जोडावर डिटेक्टर, नसला तर साबणाचं पाणी. आणि जोड गळत असेल तर दाब असताना पाना लावायचा नाही, आधी लाइन रिकामी करायची. नव्या पोराला आम्ही पहिल्या दिवशी हे शिकवायचो.

दिल्लीने हे सगळं आपल्याआधी भोगलंय. 1998 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तिथली बससेवा सीएनजीवर गेली, 2002 अखेरीस डिझेल बस शहरातून हटल्या. सुरुवातीला तिथेही गाड्या पेटल्या. 2001 मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या पर्यावरण संस्थेने परदेशी तज्ज्ञ बोलावून गाड्यांची पाहणी करवली, तेव्हा त्यांनीही जोर दिला तो सुरक्षा तपासणीवर.

बिलांत कुठेच खोट नसते, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. प्लग न बदलता बदलल्याची नोंद करणारे मी पाहिलेत, त्यावरून भांडलोही आहे. त्यावर उपाय म्हणजे नोंदी मागा. गाडीच्या सिलेंडरवर शेवटच्या टेस्टची तारीख ठोकलेली असते, ती विचारा. माहिती अधिकारात डेपोचं देखभालीचं रजिस्टर मागा. माणसं कमी करून आहेत त्या मेकॅनिकला दुप्पट गाड्या देतात, त्यावर ओरडा. तपासणीच बंद करा म्हणता, तर आगीला मोकळं रान देताय.

आत्याला फोनवर अर्धा तास हे समजावलं. ती गप्प ऐकत होती. शेवटी म्हणाली, “मी तो मेसेज पुढे अकरा जणींना पाठवलाय रे.” त्या अकरा जणींचे नंबर मी मागून घेतलेत. चौघींना काल रात्री फोन झाले, बाकीच्यांना आज करतोय.